आध्यात्मिक लढाई आणि देवाचं संरक्षण: विश्वासणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

खालची उत्तरं पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला धरून दिली आहेत. ‘इफिस ६:१२’ अशा खुणा त्यातलं पुस्तक, अध्याय आणि वचन दाखवतात; ‘प्रेषित’ म्हणजे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक. जिथे डॉक्टरांचा किंवा कायद्याचा संबंध येतो, तिथे तेही स्पष्ट सांगितलं आहे. वाचणाऱ्याची भीती कमी व्हावी हा हेतू आहे, कारण या विषयात विश्वासणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान भीतीनेच होतं.

आध्यात्मिक लढाई म्हणजे भुतं काढणं का?

तो तिचा फार लहान भाग आहे. येशूने दुष्ट आत्मे काढले, प्रेषितांनीही काढले. पण पौल, पेत्र, याकोब आणि योहान यांनी मंडळ्यांना (चर्चना) पत्रं लिहिली तेव्हा भूत काढण्याची कृती एकाही पत्रात दिली नाही. त्यांनी लिहिलं ते खोटं बोलणं सोडण्याबद्दल, राग मनात धरून न झोपण्याबद्दल, क्षमेबद्दल, खोट्या शिक्षणाबद्दल आणि छळात टिकण्याबद्दल. २ करिंथ १०:४-५ मध्ये पौल तटबंदी जमीनदोस्त करण्याची भाषा करतो आणि लगेच सांगतो की ती तटबंदी म्हणजे देवाच्या ज्ञानाविरुद्ध उभे राहिलेले तर्कवितर्क. ‘देवाने मला टाकलंय’, ‘माझं हे पाप माफ होणारच नाही’, ‘आपल्या घरात कधी चांगलं झालंय का’ असले विचार वर्षानुवर्षं घर करून बसतात, आणि खरी झुंज तिथे असते.

इफिस ६:१२ सांगतं की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणजे सासू, भावजय, शेजारीण किंवा ऑफिसमधला साहेब हे आपले शत्रू नव्हेत. एखाद्या प्रार्थनेतून उठल्यावर कुणा नातेवाइकाबद्दलचा संशय वाढलेला असेल, तर ती प्रार्थना वाट चुकली आहे.

सैतान किती सामर्थ्यवान आहे?

तो निर्माण केला गेलेला आहे, देवाच्या बरोबरीचा नाही. तो एका वेळी सगळीकडे नसतो. ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत दोन्ही वेळा त्याला परवानगी घ्यावी लागते आणि दोन्ही वेळा देव मर्यादा घालून देतो. कलस्सै २:१५ प्रमाणे ख्रिस्ताने वधस्तंभावर सत्ता आणि अधिकारी यांना निःशस्त्र केलं. आपण लढतो ते जिंकलेल्याच्या बाजूने. तरीही पेत्र त्याला गर्जणारा सिंह म्हणतो आणि सावध राहायला सांगतो (१ पेत्र ५:८). त्याच्या अगदी आधीचं वचन मात्र बरेच जण वगळतात: आपली सर्व चिंता देवावर टाका. पेत्राने जागं राहणं आणि चिंता सोडणं ही जोडीने शिकवली आहेत.

ख्रिस्ती माणसाला करणी, भानामती किंवा नजर लागते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

गणना २२ ते २४ मध्ये मवाबाचा राजा बालाक शाप देण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बलामाला पैसे देऊन बोलावतो आणि इस्राएलावर शाप घालायला सांगतो. सात वेद्या, सात गोऱ्हे, सात एडके, मग जागा बदलून पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी बलामाच्या तोंडून आशीर्वादच निघतो, आणि तो कबूल करतो की याकोबावर, म्हणजे इस्राएलावर, मंत्रतंत्र चालत नाही (२३:२३). लोक खाली तंबूंत आपापल्या कामात होते. डोंगरावर आपल्या नावाने काय चाललंय याची त्यांना खबरही नव्हती, आणि तरी ते राखले गेले.

पण गोष्ट इथे थांबत नाही. पुढच्याच अध्यायात तेच लोक मवाबी स्त्रियांच्या नादाने बआल-पौराच्या मूर्तिपूजेत आणि व्यभिचारात पडतात आणि २४,००० माणसं मरतात. ही युक्तीही बलामाचीच होती, असं गणना ३१:१६ सांगतं. शापाने जे झालं नाही ते मोहाने झालं. म्हणून कुणी दारात लिंबू टाकलं, टाचण्या टोचलेली बाहुली ठेवली, तर ती झाडून कचऱ्यात टाका, हात धुवा आणि कामाला लागा. त्या लिंबाच्या भीतीने तुम्ही शेजाऱ्याशी वैर धरलंत, मांत्रिकाचा पत्ता विचारलात, तर मात्र शत्रूचं काम झालं. नीतिसूत्रे २६:२ म्हणतं की निष्कारण दिलेला शाप भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा असतो, तो येऊन ठेपत नाही.

पिढीजात शाप तोडावे लागतात का?

निर्गम २०:५ मध्ये वडिलांच्या अन्यायाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातं असं म्हटलं आहे, आणि त्याचाच आधार घेऊन खास सभा भरवल्या जातात. ते वचन पुरतं वाचावं: तिथे ‘माझा द्वेष करणाऱ्यांना’ असं म्हटलं आहे, आणि पुढच्याच ओवीत देवावर प्रेम करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया आहे. यहेज्केल १८ तर या समजुतीचं सरळ खंडन करतं. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलाचे दात आंबणार नाहीत. आणि गलती ३:१३ प्रमाणे ख्रिस्ताने आपल्याला शापातून खंडणी भरून सोडवलं आहे.

घराण्यात सवयी मात्र उतरतात. दारू, हात उगारणं, पैशाची लबाडी, बायकांना गप्प बसवणं. यावर उपाय एका रात्रीच्या सभेत मिळत नाही. पापाचं नाव घेऊन कबुली, मग व्यसनमुक्ती गट किंवा समुपदेशन, आणि महिनोन्‌महिने टिकणारी नवी सवय, असा तो रस्ता आहे.

शस्त्रसामग्री रोज सकाळी ‘चढवावी’ लागते का?

इफिस ६:१३-१७ मध्ये पौल देवाची शस्त्रसामग्री सांगतो: कमरबंद, उरस्त्राण, पायांतली सिद्धता, ढाल, शिरस्त्राण आणि तलवार. काही जण रोज एकेका शस्त्राचं नाव घेऊन प्रार्थना करतात. त्यात वाईट काही नाही. फक्त एखाद्या दिवशी ती राहिली तर आपण उघडे पडलो, असं मानू नये. पौलाने ही चित्रं मुळात यशयाच्या पुस्तकातून घेतली आहेत. तिथे नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण खुद्द देव परिधान करतो (यशया ५९:१७). म्हणजे ही देवाची स्वतःची शस्त्रं आहेत आणि ख्रिस्तात असलेल्याला ती दिलेली आहेत. आपलं काम ती वापरण्याचं.

इफिसचं पत्र लिहिताना पौल स्वतः बेड्यांत होता. रोममध्ये तो असाच नजरकैदेत असताना त्याच्याजवळ एक शिपाई पहाऱ्याला असे (प्रेषित २८:१६). रोमी शिपायाची मोठी ढाल साधारण चार फूट उंच आणि अडीच फूट रुंद असे, लाकडाची, वरून चामडं मढवलेली. एकट्याच्या हातात ती एक बाजू झाकते. पण रांगेतले शिपाई ढालीला ढाल भिडवून उभे राहिले की समोर भिंतच तयार होते. हे पत्रही एकट्यादुकट्याला नव्हे, मंडळीला लिहिलं आहे. वर्षभर मंडळीत पाऊल न टाकता घरात एकट्याने शस्त्रांची नावं घेणारा माणूस रांगेबाहेर उभा आहे.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ असा. सत्याचा कमरबंद म्हणजे ज्या गोष्टीबद्दल तुम्ही घरच्यांशी खोटं बोलताय ती आज एका माणसाला खरी सांगणं: लपवलेलं कर्ज, मोबाइलवर चोरून पाहिलं जाणारं काही. नीतिमत्त्वाचं उरस्त्राण दोषभावनेच्या माऱ्यासाठी आहे. ‘तू कसला ख्रिस्ती’ हा आवाज आला की स्वतःच्या पुण्याईचा हिशेब मांडायचा नाही, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाकडे बोट दाखवायचं. पायांतली सिद्धता म्हणजे भांडणात शांतीची सुवार्ता घेऊन जाणं. जळते बाण म्हणजे अचानक सुचणारा घाणेरडा किंवा निराशेचा विचार. तो आला म्हणून पाप घडलं असं नाही. तो बाहेरून आलेला बाण आहे, विश्वासाच्या ढालीवर झेलून विझू द्यायचा. शिरस्त्राण म्हणजे तारणाची खात्री, आणि तलवारीचं उत्तर पुढे आहे.

देवाचं वचन ‘तलवारी’सारखं वापरायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

येशूची परीक्षा पाहा (मत्तय ४). चाळीस दिवसांच्या उपासानंतर तीन मोह, आणि तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातून: ८:३, ६:१६, ६:१३. मोठा आवाज नाही, एकच वाक्य शंभरदा म्हणणं नाही. ज्या जागी मोह, नेमकं त्या जागेचं वचन. आणि सैतानानेही तिथे शास्त्रच वापरलं. त्याने स्तोत्र ९१:११-१२ म्हटलं आणि अर्थ वाकवला. म्हणून स्तोत्र ९१ कागदावर छापून उशीखाली ठेवल्याने संरक्षण मिळतं, ही समजूत सोडा. ते वाचा, पाठ करा, त्यातल्या देवावर भरवसा ठेवा.

करायचं असं: आपल्या दोन किंवा तीन ठरलेल्या कमजोर जागा वहीत लिहा. प्रत्येकीसमोर एकच वचन. चिंतेसाठी फिलिप्पै ४:६-७, रागासाठी याकोब १:१९-२०, दोषभावनेसाठी रोम ८:१, वासनेसाठी १ करिंथ १०:१३. आठवड्याला एक वचन पाठ करा, आधीचं आणि नंतरचं वाक्यही वाचून. बहुतेकांचं इथे बिनसतं, कारण एकदम वीस वचनं घेतली जातात आणि गरजेच्या वेळी एकही तोंडाशी येत नाही.

रोज किती वेळ आणि कशी प्रार्थना करावी?

रोज न चुकता केलेली पंधरा मिनिटं महिन्यातून एकदा केलेल्या रात्रभराच्या जागरणापेक्षा जास्त टिकाव देतात. पाच मिनिटं एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानाचा उतारा मोठ्याने वाचा. तीन-चार मिनिटं कालच्या दिवसातल्या पापाची नाव घेऊन कबुली द्या. मग प्रभूची प्रार्थना सावकाश, ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ या ओळीवर थांबून, त्यात आजची खरी भीती सांगा. शेवटी दुसऱ्या दोन माणसांसाठी विनंती. इफिस ६:१८ मध्ये पौल सर्व पवित्र जनांसाठी प्रार्थना करायला सांगतो, आणि स्वतःच्या भल्यापुरतीच प्रार्थना करणारा माणूस लवकर थकतो.

सैतानाशी बोलत बसू नका. काही सभांमध्ये देवापेक्षा त्यालाच उद्देशून जास्त वेळ ओरडलं जातं. यहूदाच्या पत्रातल्या ९ व्या वचनाप्रमाणे आद्यदेवदूत मीखाएलानेसुद्धा त्याची निंदा केली नाही, ‘प्रभू तुला धमकावो’ एवढंच म्हटलं. याकोब ४:७ चा क्रमही लक्षात ठेवा: आधी देवाच्या अधीन होणं, मग सैतानाला अडवणं. पहिला भाग गाळून दुसरा चालत नाही.

रात्री जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. हा हल्ला आहे का?

बहुतेक वेळा ही झोपेशी संबंधित अवस्था असते. गाढ स्वप्नाच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो. मन आधी जागं झालं आणि स्नायू मागे राहिले, तर काही सेकंद ते एक-दोन मिनिटं हलता येत नाही, आणि स्वप्नातली भीती उघड्या डोळ्यांसमोर दिसते. अपुरी झोप, पाळीची ड्यूटी, मानसिक ताण आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं. त्या क्षणी धडपडू नका. श्वास सावकाश घ्या, एक बोट किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करा, मनात येशूचं नाव घ्या. नंतर कुशीवर झोपा, झोपेची वेळ ठरवून घ्या. आठवड्यातून अनेकदा होत असेल, किंवा दिवसाही अचानक झोप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. प्रार्थना जरूर करा, पण त्यासाठी ‘या घरात काहीतरी आहे’ म्हणून घर बदलायची गरज नाही.

घरात जुने ताईत, गंडेदोरे, उतारे आहेत. त्यांचं काय करायचं?

इफिसमध्ये विश्वास ठेवलेल्यांनी आपली जादूची पुस्तकं सर्वांसमोर जाळली. त्यांची किंमत ५०,००० रुप्याची नाणी भरली (प्रेषित १९:१९). कुणी विकून पैसे केले नाहीत. तुम्हीही तसंच करा. तुमच्या स्वतःच्या मालकीचं जे आहे ते पाळक किंवा विश्वासू मित्रासोबत प्रार्थना करून नष्ट करा. ताईत चांदीचा असला तरी पुढे कुणाला देऊ नका. वस्तू सासरेबुवांची किंवा आईची असेल तर हात लावू नका. दुसऱ्याच्या श्रद्धेची वस्तू चोरून फेकणं हा साक्षीचा मार्ग नाही.

मग रिकाम्या जागी काय? इथेच घसरण होते. ताईत जातो आणि त्याच दोऱ्यात क्रूस अडकवला जातो, भीती मात्र तीच. १ शमुवेल ४ मध्ये इस्राएली लोकांनी कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) असाच ताइतासारखा रणात नेला. ३०,००० माणसं पडली आणि कोशही पलिष्ट्यांच्या हाती गेला. क्रूस गळ्यात घाला, पण भरवसा क्रुसावर खिळलेल्या प्रभूवर असू द्या.

प्रार्थना केलेलं तेल, पाणी, रुमाल यांचा उपयोग होतो का?

याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. तेल साधं, घरातलं चालतं, आणि ‘विश्वासाची प्रार्थना’ दुखणाइताला वाचवते असं पुढचं वाक्य आहे. कॅथलिक बंधुभगिनी पवित्र पाणी वापरतात. चर्चची शिकवण हीच आहे की ही चिन्हं प्रार्थनेच्या आणि श्रद्धेच्या जोडीनेच अर्थपूर्ण असतात, नुसत्या बाह्य वापराला चर्च अंधश्रद्धा म्हणतं. जिथे बाटलीला दर लावलेला असतो तिथून निघून या.

विश्वासणाऱ्याच्या अंगात दुष्ट आत्मा शिरू शकतो का?

यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: ज्याच्यात पवित्र आत्मा राहतो तो ख्रिस्ताचा आहे, त्याच्यावर दुसऱ्याची मालकी होत नाही (१ योहान ४:४, ५:१८). पण त्याला त्रास होऊ शकतो, तो फसू शकतो, आणि रागाला थारा देऊन सैतानाला वाव देऊ शकतो. इफिस ४:२६-२७ विश्वासणाऱ्यांनाच लिहिलं आहे.

प्रार्थना सभेत कुणी थरथरायला, किंचाळायला किंवा खाली पडायला लागलं तर?

संगीत आणि माइक आधी बंद करा. गर्दी मागे सरकवा, मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना थांबवा. बाई असेल तर दोन बायकाच जवळ बसतील, पुरुष असेल तर दोन पुरुष. डोक्यावर जोर देऊन ढकलू नका.

मग शरीर तपासा. आकडीत शरीर ताठ होऊन झटके येतात आणि माणूस हाकेला ओ देत नाही. तसं असेल तर कुशीवर वळवा, मानेभोवतीचं सैल करा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा लागोपाठ दुसरी आकडी आली, तर लगेच १०८ ला फोन. सकाळपासून उपाशी आहे का, मधुमेहाचं इन्सुलिन घेतलंय का, हे घरच्यांना विचारा. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच साखरेचं पाणी द्या.

हे काही नसेल आणि माणूस घाबरलेला असेल तर त्याला नावाने हाक मारा, बसवा, हळू श्वास घ्यायला लावा. डोळे उघडे ठेवून, नेहमीच्या आवाजात, छोटी प्रार्थना करा: येशूच्या नावाने शांती असो. ‘तू कोण आहेस, कुठून आलास, कुणी पाठवलं’ असं विचारत बसू नका. सैतान लबाड आहे (योहान ८:४४), त्याच्या तोंडून निघालेलं शेजारणीचं नाव पुरावा नसतं, आणि घाबरलेलं मन विचाराल ते उत्तर देतं. अशा एका नावावरून घरं फुटतात.

मार्क ५ मध्ये गरसेकरांच्या प्रदेशातला माणूस बरा झाल्यावर कसा दिसतो ते पाहा: बसलेला, कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला. सेवेचा शेवट तसा व्हायला हवा. त्यानंतर कुणीतरी त्याला घरी सोडावं, दुसऱ्या दिवशी फोन करावा. मत्तय १२:४३-४५ मध्ये झाडून ठेवलेलं पण रिकामं घर पुन्हा भरतं, आधीपेक्षा वाईट. वचन, मंडळी आणि मैत्री यांनी ते घर भरलं नाही तर पुढच्या सभेत तोच माणूस पुन्हा पडलेला दिसेल.

आजार आहे की दुष्ट आत्मा, हे कसं ओळखावं? औषधं थांबवावीत का?

औषधं स्वतःहून कधीही थांबवू नका. आकडीची गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतणारी आकडी येऊ शकते. मनोविकाराची औषधंही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच कमी करतात.

मत्तय ४:२४ मध्ये रोगी, भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती अशी नावं वेगवेगळी दिली आहेत. शुभवर्तमानकार सगळ्याला भूत म्हणत नाही. पौलही तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी घरगुती उपाय लिहितो, सभा घ्यायला सांगत नाही (१ तीमथ्य ५:२३). म्हणून नियम साधा ठेवा: आधी किंवा एकाच वेळी डॉक्टर, आणि प्रार्थना पहिल्यापासून. आवाज ऐकू येणं, सगळे माझ्याविरुद्ध कट करतायत असं वाटणं, कित्येक रात्री झोप नसूनही प्रचंड उत्साह, आत्महत्येचे विचार: ही मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याची लक्षणं आहेत. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाई असंबद्ध बोलायला लागली, बाळाबद्दल विचित्र काही म्हणू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, तिला बाळासोबत एकटं सोडू नका. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

सुटकेची सेवा (दुष्ट आत्मे काढण्याची सेवा) करणाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही?

पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी दूर व्हा. पैसे किंवा दागिने मागणं. अमक्या नातेवाइकाने करणी केली असं सांगणं. औषध बंद करायला लावणं. बाईला एकटीला खोलीत बोलावणं. ‘मंडळीला सांगू नका’ म्हणणं. बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं. चांगला सेवक आपल्या पाळकाला उत्तर देणारा असतो, दार उघडं ठेवतो, आणि माणसाला स्वतःवर अवलंबून ठेवत नाही. स्किवाच्या सात मुलांनी येशूचं नाव मंत्रासारखं वापरून पाहिलं आणि उघडेनागडे, घायाळ होऊन पळाले (प्रेषित १९:१३-१६).

कायदाही माहीत असावा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणंही त्यात येतं. मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही बंदी आहे. हे कृत्य करणारा कुठल्या धर्माचा आहे याने काही फरक पडत नाही, आणि पडूही नये. मारहाण पाहिलीत तर पोलिसांना कळवा. तो विश्वासघात ठरत नाही.

कॅथलिक चर्चमध्ये भुतं काढण्याचा विधी कोण करतं?

स्थानिक बिशपांची खास आणि स्पष्ट परवानगी मिळालेला धर्मगुरूच (चर्चच्या धर्मकायद्याचं कलम ११७२). त्याआधी वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरला जातो. सुधारित विधी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्यांनी, तो विधी करायचा नसतो. संरक्षणासाठीची वैयक्तिक प्रार्थना, संत मायकलची प्रार्थना, रोझरी, पापनिवेदन आणि मिसा मात्र सर्वांसाठी आहेत. शंका असेल तर आधी आपल्याच धर्मग्रामाच्या फादरांकडे जा.

उपासाने जास्त सामर्थ्य येतं का?

उपासाने देवाचा हात पिरगाळता येत नाही. आपलं लक्ष एकवटतं, एवढं खरं. पहिल्यांदा करणाऱ्याने एक जेवण सोडावं आणि तो वेळ प्रार्थनेला द्यावा. पाणी पीत राहावं, सोडताना हलकं खावं. मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, रोजच्या गोळ्या घेणारे यांनी अन्नाऐवजी मोबाइल किंवा टीव्हीचा उपास करावा. यशया ५८ वाचून बसा: देवाला आवडणारा उपास भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा आहे.

घरात इतर धर्माचे नातेवाईक आहेत. आरती, प्रसाद, सण यांमुळे संरक्षण जातं का?

नाही. पौल १ करिंथ ८ ते १० मध्ये म्हणतो की मूर्ती काही नाही आणि बाजारातलं मांस चौकशी न करता खावं. पण पूजेत सहभागी होऊ नये, आणि ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नये. रोजच्या व्यवहारात: लग्नाला जा, मदत करा, जेवा, आरतीच्या वेळी नम्रपणे बाजूला उभे राहा. प्रसाद घ्यायचा नसेल तर हात जोडून नको म्हणा, कारण विचारलं तर मायेने सांगा. आईवडिलांच्या देवांना शिव्या देऊन कुणाचं रक्षण होत नाही, उलट घराचं दार मात्र बंद होतं.

इतकी प्रार्थना केली, तरी त्रास जात नाही. आपला विश्वास कमी पडतोय का?

पौलाच्या शरीरातला काटा ‘सैतानाचा दूत’ होता. त्याने तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. उत्तर मिळालं: माझी कृपा तुला पुरे (२ करिंथ १२:७-९). पौलापेक्षा आपला विश्वास जास्त असायला हवा, असं कुणी म्हणू शकत नाही. कर्करोगाच्या पेशंटला ‘कुठलंतरी लपलेलं पाप असेल’ असं सांगणारे योहान ९:३ विसरतात. तिथे जन्मांधाबद्दल येशू म्हणतो की यानेही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही.

तपासण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती म्हणजे क्षमा. २ करिंथ २:१०-११ मध्ये क्षमा न करण्याला पौल सैतानाच्या डावपेचांशी जोडतो. ज्याने दुखवलं त्याचं नाव घ्या, काय केलं ते देवासमोर स्पष्ट सांगा, सूड देवाकडे सोपवा (रोम १२:१९). भावना लगेच बदलत नाहीत, दहादा सोपवावं लागतं. आणि क्षमा म्हणजे मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जाणं नव्हे, तक्रार मागे घेणंही नव्हे.

मुलं रात्री भुताला घाबरतात. काय करावं?

‘झोप नाहीतर भूत येईल’ हे वाक्य घरातून आधी घालवा. मुलाची भीती हसण्यावारी नेऊ नका. दिवा लावून पलंगाखाली त्याच्याबरोबर पाहा, मग दोन ओळींची प्रार्थना त्यालाच म्हणू द्या. स्तोत्र ४:८ लहान मुलालाही पाठ होतं: स्वस्थपणे पडून झोपतो, कारण देव निर्भय ठेवतो. झोपण्याआधी तासभर भुतांचे व्हिडिओ आणि मोठ्यांच्या करणीच्या गप्पा बंद.

लढून लढून थकवा आलाय, प्रार्थनाही होत नाही.

मग आज लढू नका. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला (१ राजे १९). देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं, खायला घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. बोलणं झालं ते पुढे, होरेब डोंगरावर पोचल्यावर. तुम्हीही आज रात्री लवकर झोपा. रविवारपर्यंत सभांची धावपळ थांबवा. मंडळीतल्या दोन माणसांना फोन करून सांगा की सध्या माझ्यासाठी प्रार्थना तुम्ही करा. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक आणि आवड परतली नाही तर डॉक्टरांची वेळ घ्या, आणि त्या दोघांपैकी एकाला सोबत न्या.